गळा बघावा लागतो

 आज या सभागृहात कॅलिफोर्नियातल्या आपल्या डब्लिनमधली कुटुंबं तर आहेतच, शिवाय प्लेझंटन, सॅन रॅमोन, लिव्हरमोरहून शनिवारची कामं बाजूला ठेवून आलेली मंडळी आहेत. आणि पुढच्या दोन रांगांत भारतातून लेकीकडे, मुलाकडे आलेले आई-बाबा बसले आहेत. आई-बाबा, आज मी जे सांगणार आहे त्यातला एक भाग खास तुमच्यासाठी आहे.

हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या बाई शिक्षिका होत्या. वर्गात पन्नास-साठ मुलं, वर पत्रे, बाहेर रस्ता, आणि या सगळ्यावर मात करायला हाताशी फक्त स्वतःचा आवाज. अशा शाळांत तुमच्यातले कितीतरी जण शिकले आहेत. शिक्षकाचा आवाज वर्षानुवर्षं झिजतो आणि ते कुणाच्या हिशेबात नसतं. मी कान-नाक-घशाची डॉक्टर. म्हणून शिक्षिकेच्या आठवणीत बोलायचं तर आवाजाविषयीच बोलावं असं मला वाटलं.

तीन गोष्टी सांगणार आहे. आवाज तयार कसा होतो, तो होताना पहिल्यांदा कुणी पाहिला, आणि आज तो कसा तपासतात. पण तिन्हींच्या मागे माझा आग्रह एकच आहे, तो आधीच सांगून टाकते. आवाज बसला आणि बसूनच राहिला, तर गळा बघावा लागतो. नुसता ऐकून भागत नाही. अंदाजाने औषध देऊन तर मुळीच भागत नाही.

मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या स्वरपट्ट्या पाहिल्या आहेत? दातांचे एक्स-रे आपण पाहतो. हृदयाचा आलेख पाहतो. पोटातल्या बाळाचा सोनोग्राफीतला फोटो फ्रिजवर चिकटवतो. मग दिवसभर जिच्या जोरावर नोकरी करतो, भांडतो, अंगाई म्हणतो, आरती म्हणतो, ती जागा एकदाही पाहिलेली नसते. असं का?

आता सगळ्यांनी गळ्याच्या पुढच्या बाजूला दोन बोटं ठेवा. तिथे एक कडक उंचवटा लागेल. पुरुषांना चटकन सापडेल, बायकांना थोडं चाचपावं लागेल. आवंढा गिळा. वर गेला ना? आता हळूच ‘ऊं’ म्हणा. बोटांना थरथर जाणवते. त्या कूर्चेच्या आत, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन स्वरपट्ट्या आडव्या बसलेल्या आहेत. पुढे एकत्र जोडलेल्या, मागे उघडणाऱ्या. श्वास घेताना त्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या फाकतात आणि बोलताना मध्यरेषेवर येऊन मिटतात. बाईच्या पट्ट्यांची लांबी साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर, पुरुषाच्या पावणेदोन ते अडीच. एवढ्याशा मांसपट्ट्यांवर आपलं सगळं बोलणं उभं आहे.

पण हे बोलण्यासाठी झालेलं इंद्रिय नव्हे. स्वरयंत्राचं पहिलं काम राखणदारीचं. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते गिळताना दार लावून घेतं, आणि चुकून थेंब गेलाच तर ठसका लावून बाहेर काढतं. आवाज ही त्या राखणदाराने नंतर शिकलेली कला आहे.

यातूनच एक गोष्ट निघते, जी ऐकून पुढच्या रांगेतल्या काही जणांना वाईट वाटेल. आपण गिळतो ते काहीही स्वरपट्ट्यांना लागत नाही. मध लागत नाही, ज्येष्ठमधाचा रस लागत नाही, खडीसाखर आणि कंकोळही लागत नाही. लागलं असतं तर जोराचा ठसका आला असता! गुळण्या तर त्याहून वरच थांबतात. घशाच्या मागच्या भागाला त्यांनी बरं वाटतं, ते खरं आहे, जरूर करा. पण ‘मी आठ दिवस गुळण्या केल्या, आता आवाजाला काय झालंय ते कळेल’ असं म्हणू नका. पाण्याचा उपयोग होतो तो रक्तातून, सगळं शरीर ओलसर राहिल्यामुळे. स्वरपट्ट्यांपर्यंत थेट पोचतो तो फक्त श्वास. म्हणून वाफेचा उपयोग होतो. आणि म्हणूनच धूरही थेट तिथे पोचतो. सिगारेटचा पोचतो आणि वणव्याचाही. ९ सप्टेंबर २०२० चा नारिंगी दिवस इथे राहणारं कोण विसरेल? त्या ऋतूत तुमच्यातल्या अनेकांचा घसा खवखवत होता, तो काही फक्त पावसाळी सर्दीसारखा प्रकार नव्हता.

आता आवाज होतो कसा? अठराव्या शतकात फेरां नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १७४१ मध्ये मृतांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून पाहिली आणि त्याला वाटलं की या व्हायोलिनच्या तारा आहेत, हवा म्हणजे गज. पुढे विसाव्या शतकात, १९५० च्या सुमारास, हुसों नावाच्या संशोधकाने मांडलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून एकेक संदेश येतो. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण मग मृताच्या स्वरयंत्रात हवा फुंकल्यावर सूर कसा निघतो? तिथे तर मेंदूच नाही. १९५८ मध्ये डच संशोधक व्हान डेन बर्ग यांनी मांडणी केली, आणि आजचं सगळं ज्ञान तिच्या आधाराने पुढे गेलेलं आहे. मेंदू पट्ट्या फक्त जवळ आणतो आणि ताणतो. बाकीचं हवा करते. खालून फुप्फुसांची हवा दाब देते, पट्ट्यांची खालची कड आधी उघडते, मग वरची. हवा निसटते, दाब उतरतो, आणि पट्ट्या स्वतःच्या लवचिकपणाने परत मिटतात, पुन्हा खालची कड आधी. असं सेकंदाला कितीदा? पुरुष बोलतो तेव्हा साधारण शंभर ते सव्वाशे वेळा, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास.

पेटी वाजवणाऱ्यांना सांगते. एखादी गायिका पांढरी सहामध्ये गात असेल, तर तिचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला २२० कंपनं. तार षड्जाला ४४०. सभागृहातल्या शिक्षिकांनी आता वेगळा हिशेब करावा. दिवसभरात प्रत्यक्ष आवाज निघण्याचा वेळ फक्त दोन तास धरला, तरी सेकंदाला दोनशेप्रमाणे ते १४ लाख ४० हजार आघात होतात. एका दिवसात. हाताच्या तळव्यांना आपण एवढ्या टाळ्या वाजवू देऊ का?

हे आघात त्या पट्ट्या सोसतात कशा? याचं उत्तर जपानच्या मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात दिलं. पट्टी एकसंध नाही, थरांची आहे. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग चिवट तंतूंचे थर, आणि तळाशी स्नायू. लाट उठते ती वरच्या मऊ थरात. हा थर ताठरला, सुजला किंवा त्यावर व्रण धरला, की स्नायू धडधाकट असूनही सूर खरखरतो. तान्ह्या बाळात हे थर वेगळे झालेले नसतात. ते वयात येईपर्यंत घडत राहतात. मुलाचा आवाज फुटतो तेव्हा पट्ट्या झपाट्याने लांबतात आणि त्यांवरचा ताबा काही काळ सुटतो. त्या वयातल्या मुलाला कुणी ‘नीट बोल’ म्हणून टोकू नये, एवढीच विनंती.

आणि मूळ शक्ती श्वासाची. आपल्या संगीतात याचं सर्वांत मोठं उदाहरण कुमार गंधर्वांचं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्म, लहानपणीच मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण, आणि ऐन भरात, १९४७ च्या सुमारास, क्षय. गाणं पूर्ण बंद. देवासच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं अंथरूण. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मिळालं आणि १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले, पण एक फुप्फुस जवळपास निकामी झालं होतं. घाव बसला होता तो गळ्याला नव्हे, गळ्याला हवा पुरवणाऱ्या भात्याला. मग त्यांनी काय केलं? श्वास जेवढा होता तेवढ्यात मावेल अशी गाण्याची नवी घडण केली. छोटे, टोकदार, तेजस्वी स्वरसमूह. मला डॉक्टर म्हणून ते गाणं ऐकताना प्रत्येक वेळी भरून येतं. आपल्या शरीराचं इतकं नेमकं भान फार थोड्यांना असतं.

देवधरांचं नाव आलंच आहे तर थोडं थांबते. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ संगीताची शाळा काढली. पलुस्करांच्या परंपरेतले, पण पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. गळा हा शास्त्राने जोपासायचा अवयव आहे, हे त्यांनी मराठीत आग्रहाने सांगितलं. त्यांच्याकडून ही दृष्टी डॉ. अशोक रानडे यांच्याकडे आली, आणि रानड्यांनी ती गायकांपुरती न ठेवता नटांपर्यंत, वक्त्यांपर्यंत नेली. ही माणसं डॉक्टर नव्हती. आवाज वापरणारी आणि शिकवणारी होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माझ्या दुसऱ्या मुद्द्याचा नायकही डॉक्टर नव्हता.

त्याचं नाव मानुएल गार्सिया. जन्म १८०५, स्पॅनिश गायकांच्या घरातला. स्वतःचं गाणं फार चाललं नाही, म्हणून शिकवायला लागला आणि युरोपातला मोठा गुरू झाला. १८४१ मध्ये स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड पॅरिसला त्याच्याकडे आली. प्रयोगांवर प्रयोग करून तिचा आवाज पार थकलेला होता. गार्सियाने शिकवणी सुरू केली नाही. आधी काही आठवडे न गाता आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलं. आवाजावर मौन हे औषध आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण हा थकलेला गळा आतून दिसतो कसा, हे त्याला पाहता येत नव्हतं, आणि ते त्याला वर्षानुवर्षं छळत होतं.

१८५४ मध्ये पॅरिसमध्ये फिरताना त्याला उन्हात काहीतरी चमकताना दिसलं आणि एकदम सुचलं: आरसा! दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने सहा फ्रँकला विकत घेतला. तो कोमट पाण्यात धरला, कारण थंड काच घशात धुकटते. मग तो पडजिभेशी टेकवला, हातातल्या दुसऱ्या आरशाने ऊन त्यावर पाडलं, आणि स्वतःच्या गळ्यात स्वतःच्या स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. जिवंत माणसाच्या, गात असताना! पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्याने हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं. तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही. मग व्हिएन्नाचा ट्यूर्क आणि त्यानंतर चेर्माक यांनी १८५७-५८ मध्ये ही युक्ती रुग्णांवर वापरली. चेर्माकने उन्हाऐवजी दिव्याचा प्रकाश आणला, आणि वैद्यकाची एक नवी शाखा उभी राहिली. गार्सिया १०१ वर्षं जगला. १९०५ मध्ये त्याच्या शंभराव्या वाढदिवसाला जगभरचे घशाचे डॉक्टर लंडनमध्ये त्याला मान द्यायला जमले. एका गाणं शिकवणाऱ्याला!

गार्सियाने गळ्यात आरसा धरला त्याच दशकात इकडे या खोऱ्यात मरे आणि फॅलन ही आयरिश कुटुंबं गुरं राखत वस्ती करत होती, तिचंच पुढे हे डब्लिन झालं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे गळा हा गुरूच्या कानावर सोपवलेला होता. तो कान थोर होता, यात शंका नाही. पहाटेचा खर्ज, मंद्रातला ठेहराव, यांनी घडलेले गळे ध्वनिवर्धकाशिवाय रात्र-रात्र संगीत नाटकं करत. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ला एकत्र उभे राहिले, ते असेच. पण ज्यांचा गळा मध्येच गेला, त्यांचं काय? ‘गळा गेला’ एवढे दोनच शब्द उरत. गाठ होती, की पट्टीत रक्त उतरलं होतं, की नस दुबळी झाली होती, हे कुणी बघितलंच नाही. कितीतरी गळे परत आणता आले असते, असं मला मनापासून वाटतं.

आता तिसरी गोष्ट. आज गळा बघतात कसा?

गार्सियाचा आरसा अजून आमच्या टेबलावर असतो. जीभ कापडात धरून बाहेर ओढतात आणि ‘ई’ म्हणायला लावतात. ‘ई’च का? कारण ‘ई’ म्हणताना जिभेचं मूळ पुढे सरकतं आणि आतला रस्ता मोकळा होतो. पण बहुतेक वेळा आता नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालतात. जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची. आधी नाकात बधिर करणारा फवारा. दोन-तीन मिनिटांचं काम. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना ‘दुर्बीण’ म्हटलं की भीती वाटते, मला माहीत आहे. भूल देत नाहीत, कापत नाहीत, टोचत नाहीत. नाकात थोडं चुरचुरतं, डोळ्यांत पाणी येतं, एवढंच. आणि फायदा असा की तुम्ही त्याच वेळी बोलू शकता, गाऊ शकता, आणि शेजारच्या पडद्यावर स्वतःच्या पट्ट्या बघू शकता.

पण सेकंदाला दोनशे कंपनं डोळ्याला कशी दिसणार? नुसत्या प्रकाशात पट्ट्यांच्या कडा फक्त पुसट दिसतात. इथे स्ट्रोबोस्कोपी येते. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेगात फिरणारा पंखा संथ झाल्यासारखा दिसतो ना, तेच तत्त्व. आवाज २२० वर असेल तर दिवा २१८ वेळा लुकलुकवायचा. मग डोळ्याला सेकंदाला दोनच सावकाश लाटा दिसतात. जर्मनीच्या एर्टेल यांनी एकोणिसाव्या शतकातच हे स्वरयंत्रासाठी वापरलं होतं. लाट दोन्ही बाजूंना सारखी जाते का, कुठे अडते का, मिटताना फट राहते का, हे सगळं तिथे कळतं. आवाज फार बेताल असेल तर ही युक्ती फसते, कारण दिवा धरून राहील असा ठरावीक सूरच नसतो. तेव्हा सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो.

आणि काय दिसतं? ऐकायला अगदी सारखा वाटणारा घोगरेपणा, पण आत अगदी वेगळी चित्रं. शिक्षिकेच्या किंवा ओरडून खेळणाऱ्या मुलाच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक गाठी. त्यांना शस्त्रक्रिया सहसा लागत नाही; वाचोपचार लागतात, बोलण्याची सवय बदलावी लागते. गणपतीत ढोल-ताशावर आवाज चढवून ‘मोरया’ ओरडलेल्या तरुणाच्या पट्टीत रक्ताचा लाल डाग. त्याला काही दिवस पूर्ण मौन. कुजबुजणंसुद्धा नाही, कारण जोर लावून कुजबुजताना गळा आणखी आवळला जातो. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या फुगलेल्या, पाणी भरलेल्या पट्ट्या. आणि कधी एक पट्टी हलतच नाही. तिची नस कुठेतरी दुखावलेली असते. ही नस मोठी चमत्कारिक आहे. मेंदूकडून निघून ती गळ्याजवळून सरळ खाली जाते. डावी तर छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि परत वर गळ्यात येते. म्हणून डाव्या पट्टीचं न हलणं हे कधीकधी छातीतल्या गाठीचं पहिलं लक्षण असतं. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलतो तोही अनेकदा याच नसांमुळे. सांगा, हे नुसतं ऐकून कुणाला कळेल?

आणि कर्करोग. तंबाखूच्या देशातून आलेल्या माणसांसमोर हा शब्द मी टाळणार नाही. स्वरपट्टीवरचा कर्करोग आवाज फार लवकर बदलतो, कारण पट्टीवर तीळभर खरखरीतपणाही सूर बिघडवतो. म्हणजे शरीर स्वतः वेळेवर सांगतं. त्या टप्प्यावर तो बहुतेकदा पूर्ण बरा होतो आणि स्वरयंत्रही वाचतं. हातातली ती वेळ आपण खोकल्याच्या बाटल्यांत घालवतो, याचं मला फार दुःख होतं.

तेव्हा किती वाट बघायची? या देशातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये सांगितलं होतं, जास्तीत जास्त तीन महिने. २०१८ मध्ये ती मुदत चार आठवड्यांवर आणली. सिगारेट-तंबाखू असेल, मानेत गाठ असेल, मानेची किंवा छातीची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर चार आठवडेही थांबायचं नाही. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोला: स्वरयंत्र न बघता नुसत्या घोगरेपणासाठी अँटिबायोटिक देऊ नये, स्टेरॉइड देऊ नये, ॲसिडिटीच्या गोळ्याही देऊ नयेत. म्हणून विचारा, ‘तुम्ही स्वरपट्ट्या पाहिल्यात का? नसतील तर कुणाकडे पाठवाल?’ सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनी ‘परत गेल्यावर बघू’ म्हणू नये. प्रवासविम्यात बसत नसेल, तर किमान भारतातल्या डॉक्टरांची वेळ इथूनच ठरवून ठेवा.

रात्री मुलं झोपल्यावर भारतातल्या सहकाऱ्यांशी दबक्या आवाजात तास-तास बोलणाऱ्यांना, आणि दिवसभर हेडफोन लावून नकळत मोठ्याने बोलणाऱ्यांनाही चार आठवड्यांची हीच मर्यादा लागू आहे. घसा खाकरण्याची सवय असेल तर ती सोडा. खाकरताना पट्ट्या एकमेकींवर जोराने आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा.

शेवटी शिक्षकांविषयी. नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा आणि युटामधल्या १,२४३ शिक्षकांची तुलना १,२८८ इतर लोकांशी केली, तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर लोक २८.८ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. रॉय यांच्याच आधीच्या एका अभ्यासात असं दिसलं की त्रास असलेल्या शिक्षकांना कंबरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, तर त्यांचा आवाज खरोखर सुधारतो. साधं यंत्र आहे, फार महागही नाही. इथे शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या कितीतरी बाया आणि पुरुष आत्ता समोर बसले आहेत. आठवडाभर नोकरीत बोलून, मग उसन्या वर्गांत वीस-वीस मुलांना बाराखडी शिकवणारे. शाळांच्या पालकांकडे माझी एकच मागणी आहे: पुढचं सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक वर्गासाठी असा एक ध्वनिवर्धक घ्या. आणि तुमच्यातल्या ज्या शिक्षकांचा आवाज सुटीनंतरही महिनाभर बसलेला राहिला असेल, त्यांनी आज प्रश्नोत्तरांनंतर मला भेटावं. कुठे जाऊन तपासायचं, ते आपण आजच ठरवू.